नकाशा कोणी काढला?

सर्वेक्षकाचा दाखला खिशात असलेल्या मुलाला जमीन मोजता येत नाही. हे वाक्य मी पूर्वी एका पत्रकात छापलं, तेव्हा दाखलेवाल्या मित्रांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं. आज पुन्हा लिहितो. तो दाखला माझ्याकडेही आहे, म्हणून मला माहीत आहे.

संपादकांचं पत्र आलं की नकाशाच्या क्षेत्रात तरुणांनी कसं यावं यावर अनुभवाच्या आधारे काहीतरी मार्गदर्शनपर लिहा. मार्गदर्शन म्हणजे ज्याला आत जागा मिळाली त्यानं बाहेरच्यांना रांगेत उभं राहायला सांगणं. ते मला जमणार नाही. मी पत्रकं लिहून लिहायला शिकलो. पहिल्या ओळीत वाचणाऱ्याची गचांडी धरायची, मधे पुरावा द्यायचा, शेवटी मागणी करायची, एवढंच मला येतं. या लेखाला मात्र शेवटी मागणी नाही. आणि पुरावा आहे तो माझ्याच विरुद्धचा आहे.

रस्ते आधी सांगून टाकतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात या कामात शिरायचा पहिला रस्ता म्हणजे दहावीनंतर आयटीआयचा सर्वेक्षकाचा कोर्स. दुसरा, ज्याच्या बापाला पोरगा नागपूरला ठेवणं झेपतं त्याच्यासाठी सिव्हिलचा डिप्लोमा. तिसरा, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये कार्ड काढून बोलावण्याची वाट पाहणं. याला रस्ता म्हणतात, पण हे बाकडं आहे. चौथा रस्ता कुठल्याही माहितीपुस्तिकेत छापलेला नाही. मोजणीची पार्टी गावात येते, साहेब पारावर उभा राहून विचारतो, "साखळी ओढायला कोण येतं?" आणि जो पुढे होतो तो खलाशी होतो. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, तरी खलाशी आहेत. साखळी ओढणारा, निशाण धरणारा, खुंट्या ठोकणारा, यंत्राची पेटी खांद्यावर नेणारा तो खलाशी. पहिल्या तीन रस्त्यांनी आलेला माणूस साहेब होऊ शकतो. चौथ्यानं आलेला खलाशी म्हणूनच घरी जातो.

मी पहिल्या रस्त्यानं गेलो. आणीबाणी उठली त्या वर्षी दहावी झालो आणि कोर्सला बसलो. संस्था कोणती ते लिहीत नाही, आताच्या मुलांचं नुकसान व्हायला नको. तिथे थिओडोलाइट नावाचं कोन मोजायचं महागडं यंत्र होतं. ते आम्ही दोन वर्षांत दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा दसऱ्याला. हळदकुंकू वाहून ते परत कपाटात जायचं. मास्तर वाईट नव्हते. यंत्र मोडलं तर भरून कोण देणार, ही त्यांची भीती खरी होती. आम्ही फळ्यावर यंत्राचं चित्र काढून भागांची नावं पाठ केली. पुस्तकात टेकड्या होत्या, नद्या होत्या, इंग्रजांच्या देशातल्यासारखी कुंपणं होती. धानाची बांधी, म्हणजे पाणी अडवलेलं भाताचं खाचर, एकाही पानावर नव्हती.

दाखला घेऊन दोन वर्षं बाकड्यावर बसलो. त्याच काळात आम्ही आठ-दहा जणांनी बेरोजगार सर्वेक्षकांची समिती केली आणि मी पत्रकं लिहू लागलो. वरठीच्या स्टेशनवर पाळी सुटायच्या वेळेला सायकली घेऊन निघणाऱ्या कामगारांच्या हातात ती कोंबायचो. ते घ्यायचे, घडी करायचे आणि सायकलच्या सीटवरची धूळ पुसायचे. मी त्यावरही एक पत्रक काढलं. तेव्हा मी तसाच होतो. आताही फारसा वेगळा नाही.

मग सानगडीला एका नहराच्या मोजणीची पार्टी उतरली आणि मला मस्टरवर घेतलं. नहर म्हणजे कालवा, पण आमच्याकडे कालवा कोणी म्हणत नाही. पार्टीत सर्वेक्षक म्हणून तुमसरकडचे रहांगडाले साहेब, रोजंदारीवर मी, आणि चार खलाशी. खलाशांत मोठा सोमाजी. वय चाळिशीच्या पुढे, चौथी पास, पंधराएक वर्षं मोजणीत. अंगानं काटकुळा. चालताना पावलं अशी सारखी टाकायचा की मला वाटायचं हा माणूस झोपेतही अंतर मोजत असेल. त्यानं मला पहिल्याच दिवशी ओळखलं.

"तुमी तेच ना गा, वरठीच्या टेसनावर पर्चे वाटनारे?"

"होय."

"मंग आता काम करता का पर्चेच वाटता?"

तेव्हापासून माझं नाव पर्चेवाले. बाकीचे बाबू म्हणत, सोमाजी पर्चेवाले म्हणे.

पहिल्या आठवड्यात मला लेव्हल दिली. लेव्हल म्हणजे तीन पायांवरची दुर्बीण, जी पाण्याच्या पाठीसारखं सपाट पाहते. लांब खलाशी आकडे रंगवलेली उभी काठी धरतो आणि आपण दुर्बिणीतून आकडा वाचायचा. आकडा मोठा तर जमीन खोल, आकडा लहान तर जमीन उंच. एवढंच शास्त्र आहे. लोक उगीच घाबरतात. धान कापून झालेलं, पण बांध्यांमध्ये अजून ओल होती, पाय रुतत होते. मी सोमाजीला दर वेळी ओरडून सांगायचो, "धुऱ्यावर उभं राहा, भाऊ, तिथं कोरडं आहे!" धुरा म्हणजे बांधीभोवतीचा मातीचा बांध. तो निमूटपणे धुऱ्यावर काठी धरायचा. सकाळपासून दुपारपर्यंत मी वही भरली. सुंदर अक्षरात.

जेवायला बसलो तेव्हा त्यानं भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "पर्चेवाले, नहर कायले पाह्यजे?"

"बांध्यांना पाणी द्यायला."

"हो का. मले वाटलं, धुऱ्यावर धान लावून राहिले तुमी."

बाकीचे तिघे खलाशी इतके हसले की एकाला ठसका लागला. मला कळायला वेळ लागला. मग कानशिलं तापली. सकाळपासूनची माझी सगळी जमीन खऱ्या जमिनीपेक्षा हातभर उंच होती, कारण मी बांधीच्या तळाची नाही, बांधाच्या डोक्याची उंची घेत होतो. आणि धुरे काही सारखे नसतात. कोणाचा रुंद, कोणाचा शेजाऱ्यानं कोरून कोरून अर्धा केलेला, कोणी यंदाच माती चढवलेली. त्या आकड्यांवर नहर खणला असता तर पाणी निम्म्या गावाच्या कडेनं टाटा करत निघून गेलं असतं.

"मग सकाळीच का नाही सांगितलं?" मी चिडून विचारलं.

"सांगतलं असतं तं तुमी मानलं असतं? तुमच्याजवळ दाखला हाय. अर्धा दिवस वाया गेला तं आता जलमभर याद राहीन."

दोन वर्षांत मास्तरांनी जे शिकवलं नाही ते या माणसानं अर्ध्या दिवसात, एक शब्द न बोलता शिकवलं. ही शिकवणी कोणत्या प्रमाणपत्रावर लिहायची?

खरी करामत त्याची फलकयंत्रावर होती. फलकयंत्र म्हणजे तीन पायांवर ठेवलेला साधा लाकडी पाट. त्यावर कागद ताणून लावायचा, वर छत्री, आणि शेतात उभं राहूनच नकाशा काढायचा. कागदावर एक पट्टी असते, तिच्या दोन टोकांना पाहायच्या फटी. फटीतून देवळाचा कळस पाहिला की पट्टीच्या कडेनं रेघ ओढायची. ज्या तीन खुणा नकाशावर आधीच आहेत, त्या तिन्हीकडून रेघा ओढल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपण उभे आहोत. पुस्तकात असं आहे. शेतात त्या कधीच एका जागी मिळत नाहीत. मधे एक लहानसा त्रिकोण उरतो, आणि आपण त्याच्या आत आहोत की बाहेर, किती, कुठल्या बाजूला, हे काढायला पुस्तकानं पान-दीड पान खर्च केलं आहे. सोमाजी त्रिकोणाकडे पाहायचा, मान वर करून तिन्ही खुणांकडे पाहायचा, पाट बोटभर फिरवायचा आणि पुन्हा रेघा ओढायचा. त्रिकोण नाहीसा. रहांगडाले साहेब म्हणायचे, "हे मला डिप्लोमा करूनही असं जमलं नाही." साहेब सरळ माणूस. खलाशाला श्रेय देणारा साहेब मी नंतर दुसरा पाहिला नाही.

फलकयंत्र पाहायला गिऱ्हाइकं फार यायची. एक म्हातारी आपल्या नातीला वेणीफणी करून घेऊन आली, फोटो काढायला. नाही म्हटलं तर रागावली, "पाटलाच्या घरासमोर तं तीन दिस उभे होते!" एका गृहस्थाची तक्रार की साहेबांच्या दुर्बिणीतून त्याच्या घराचं अंगण उलटं दिसलं, आता घराला काही होणार का. आमच्या खुंट्या बाया चुलीसाठी उपटून न्यायच्या. त्यावर सोमाजीनं उपाय काढला होता. खुंटी ठोकली की तिला चिमूटभर शेंदूर लावायचा. शेंदूर लावलेली खुंटी कोणी हलवत नसे. एका गावात मात्र आठवड्यानं गेलो तर खुंटीला नारळ फुटलेला, आणि ती काढू द्यायला गाव तयार नाही.

त्या हंगामात माघातच रहांगडाले साहेबांना हिवतापानं धरलं. दिवसाआड थंडी वाजून ताप. सानगडीच्या पुढच्या एका गावाचं शीट, म्हणजे त्या गावच्या सगळ्या बांध्यांचा उंचीसकट नकाशा, पावसाळ्याआधी जाणं भाग होतं. त्या शीटवरून नहराची रेघ ठरणार होती. गावची बोडी, म्हणजे पाण्याचं तळं, लहान. कार्तिकात, दाणा भरायच्या वेळेलाच ती तळ दाखवायची. शीट चुकलं तर मोजणीचा हंगाम गेला, आणि हंगाम गेला की नहर कुठल्या यादीत खाली सरकेल ते कोणी सांगू शकत नव्हतं.

शीट सोमाजीनं काढलं. सहा आठवडे. मी आकडे लिहून घेतले आणि शेवटी शाई केली. साहेब ताप उतरेल त्या दिवशी बैलगाडीतून यायचे, पाचपंधरा ठिकाणी तपासायचे. एकही ठिकाण चुकलेलं सापडलं नाही. त्यांनी सही केली. सगळ्या गावाला ठाऊक होतं. लोक त्याला सोमाजीचा नकाशाच म्हणायचे.

पावसाळा संपता संपता खात्याचं परिपत्रक आलं. सहायक सर्वेक्षकाच्या जागा आतल्याच लोकांतून भरायच्या, पात्रता दहावी आणि कोर्स. खलाशांचा उल्लेख नाही. मी सोमाजीसाठी उपअभियंता साहेबांकडे गेलो. हे पुण्याकडचे, मोजकं बोलणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विशेष बाब म्हणून वर शिफारस करता येते. पण पुरावा लागेल. आणि त्याचं वय पाहा. पुढच्या वर्षी तो वयाच्या अटीबाहेर जाईल, मग प्रश्नच उरणार नाही."

पुरावा लागेल! मला दुसरं काय हवं होतं? मी त्याच संध्याकाळी बसलो. मथळा दिला, 'नकाशा कोणी काढला?' खाली सगळं लिहिलं. गावाचं नाव, शीट कधी सुरू झालं कधी संपलं, साहेब किती दिवस अंथरुणावर होते, सोमाजीनं किती बांध्या घेतल्या. "सही करणारा साहेब आणि राबणारा खलाशी, हा न्याय कुठला?" हे वाक्य मला इतकं आवडलं की दोनदा छापलं. रहांगडाले साहेबांचं नाव घातलं नाही, पण त्या पार्टीत सर्वेक्षक एकच होता. आणि हे सगळं मी सोमाजीला न विचारता केलं. त्याच्या भल्यासाठीच तर करत होतो, विचारायचं काय त्यात?

पत्रकं साकोलीच्या स्टँडवर गेली, भंडाऱ्याला गेली. एक मी स्वतः सोमाजीच्या हातात दिलं. त्यानं ओट्यावर बसून बोट फिरवत वाचलं. स्वतःच्या नावाशी थांबला.

"नाव बराबर छापलं," तो म्हणाला. मग बोट शेवटच्या ओळीपर्यंत नेऊन, "पहिले मले काहून नाही इचारलं?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हं," म्हणून त्यानं घडी घातली. कौसाबाईनं, त्याच्या बायकोनं, ती घडी त्याच्या हातातून घेतली आणि आत नेऊन देवाच्या फोटोमागे ठेवली. मला वाटलं, जिंकलो.

आठ दिवसांत हरकत दाखल झाली. त्या गावचे शेषराव पाटील, ज्यांच्या चार चांगल्या बांध्यांतून नहराची रेघ जात होती, त्यांनी माझंच पत्रक अर्जाला जोडलं होतं. नकाशा अपात्र खलाशानं काढलेला आहे, सबब तो रद्द करून नव्यानं मोजणी व्हावी. वकिलानं एकही शब्द स्वतःचा घातला नव्हता. त्याला गरजच नव्हती. मी सगळं लिहून ठेवलं होतं, तारखांसकट.

आता वाचणाऱ्यानं नीट पाहावं, मी काय करून ठेवलं होतं ते. सोमाजी 'होय, मी काढला' म्हणाला तर त्याची लायकी सिद्ध होणार, पण नकाशा रद्द, हंगाम बुडाला, नहर लांबला आणि रहांगडाले साहेब निलंबित. 'नाही' म्हणाला तर नकाशा वाचला, पण शिफारशीचा एकमेव पुरावा गेला. आणि वयामुळे पुन्हा संधी नाही. तिसरी वाट मी ठेवलीच नव्हती.

चौकशी त्या गावच्या शाळेत झाली. धान निघालं होतं, सगळं गाव आवारात जमलेलं. उपअभियंता साहेब व्हरांड्यात खुर्चीवर, शेजारी पाटील आणि साकोलीचे वकील. रहांगडाले साहेबांना आधी विचारलं. ते म्हणाले, "सही माझी आहे." एवढंच. मग सोमाजीला पुढे बोलावलं. त्यानं धुतलेला सदरा घातला होता.

"हा नकाशा तू काढलास?"

"नाही, साहेब."

"मग सहा आठवडे तू काय करत होतास?"

"छत्री धरत होतो. साहेबाले ताप, त्याह्यले ऊन सहन नाही होये."

वकील हसले. त्यांनी माझं पत्रक उंच धरलं. "यात छापलंय की याला तीन खुणांवरून नकाशावर जागा काढता येते. साहेब, पाट समोर आहे. काढून दाखवू दे की. जमलं तर नकाशा त्याचा, नाही जमलं तर आमची हरकत मागे."

मला वाटलं उपअभियंता नकार देतील. ते क्षणभर वकिलाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ठीक. मांडा."

शाळेच्या आवारात फलकयंत्र मांडलं. मांडायचं काम खलाशाचं, पण सोमाजीनं ते मला करू दिलं आणि दूर उभा राहिला. कागदावर तीन टिंबं होती, देवळाचा कळस, बोडीच्या बांधावरची चिंच, पहाडीवरचं निशाण. सोमाजी पाटाशी आला. पट्टी उचलून त्यानं जड वस्तू तोलावी तशी हातात तोलली आणि उलटी ठेवली. वकील म्हणाले, "अशी नव्हे, फिरव." त्यानं फिरवली. चुकीच्या फटीला डोळा लावला. पहिली रेघ ओढली, दुसरी, तिसरी. मधे उरलेल्या त्रिकोणात कोंबडी अंड्यांवर बसली असती.

आवारात कोणी बोलेना. त्या शंभरेक माणसांतल्या प्रत्येकानं सोमाजीला आपल्या बांधीत उभं राहून पाट फिरवताना पाहिलं होतं. प्रत्येकाला कळत होतं तो काय करतो आहे आणि कोणासाठी. ती शांतता आणखी थोडी टिकली असती तर वकिलालाही कळलं असतं. तेवढ्यात मागून गावचा म्हातारा सरपंच ओरडला, "अरे सोम्या, तू छत्रीच धर ना बाप्पा! कायले साहेबाचा कागद खराब करून राहिला?"

मग सगळे हसले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, पोरं हसली. सोमाजीही ओशाळं हसला. मी आयुष्यात खूप हसणं ऐकलं आहे, माझ्या पत्रकांवरचंही ऐकलं आहे. पण ते हसणं मला पुन्हा ऐकायचं नाही. रहांगडाले साहेब जमिनीकडे पाहत होते.

मग माझी पाळी. "हे पत्रक तुमचं?"

"होय."

"यातली माहिती कुठली?"

माझ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ असायची, 'यातील प्रत्येक शब्द खरा आहे.' या पत्रकातही होती. मी सोमाजीकडे पाहिलं. तो पट्टी फडक्यानं पुसत होता.

"ऐकीव," मी म्हणालो, आणि त्याखाली सही केली.

"छापण्याआधी खात्री करत जा," उपअभियंता म्हणाले. मग ते उठले आणि पाटावरच्या त्या त्रिकोणाकडे वाकून बराच वेळ पाहत राहिले, जेवढा वेळ चुकीच्या कामाकडे कोणी पाहत नाही. परत येऊन त्यांनी निकाल लिहिला. नकाशा कायम. हरकत मागे. आणि सोमाजीच्या सेवापुस्तकात एक शेरा पडला: सदर खलाशास फलकयंत्राचे ज्ञान नसल्याचे प्रत्यक्ष चाचणीत आढळून आले.

सामान आवरताना मी त्याच्यामागे लागलो. "भाऊ, असं कशाला केलं? आपण वर गेलो असतो, लढलो असतो..."

"कोनासंग? या गावच्या धानासंग?" तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "तुमच्या पर्च्यातून पानी येत असते का, पर्चेवाले? चला, पेटी धरा त्या बाजूनं."

मी पेटी धरली. तोपर्यंत ती नेहमी तोच उचलत असे.

पुढचं थोडक्यात. दीड-दोन वर्षांनी एक्स्चेंजचं बोलावणं आलं आणि मी मुलाखतीला गेलो. मला फलकयंत्राचा त्रिकोण कसा नाहीसा करायचा ते विचारलं. मी पुस्तकातलं न सांगता सोमाजीचं सांगितलं, खुणांकडे पाहायचं, पाट किती फिरवायचा, कुठल्या बाजूला. साहेब लोक एकमेकांकडे पाहू लागले. "हे कुठे शिकलात?" मी म्हणालो, "संस्थेत." हे दुसरं खोटं. खलाशाचं नाव घेतलं असतं तर तो शेरा उघडा पडला असता. मला जागा मिळाली. माझ्या अनुभवाच्या दाखल्यावर रहांगडाले साहेबांची सही आहे. ज्याची हवी त्याच्या सहीसाठी त्या फॉर्मवर रकाना नाही.

म्हणून तरुणांनो, मार्गदर्शन हवंच असेल तर हे घ्या. कोर्स करा, दाखला घ्या, त्याशिवाय तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही. ते चूक आहे, पण आहे. आणि आत गेल्यावर पहिल्या दिवशी पार्टीतला सर्वांत जुना खलाशी कोण ते विचारा. त्याची काठी कुठे टेकते आहे ते पाहा. माझ्या ओळखीचे काही साहेब अजून धुऱ्यावरचे आकडे घेतात.

दोन पावसाळ्यांमागे त्या नहराला पाणी आलं. रहांगडाले साहेब गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता हे छापून कोणाचं नुकसान होत नाही. शेषराव पाटलांच्या वकिलांना अजून हरकत घ्यायची असेल तर त्यांनी घ्यावी, पाणी काही उलटं चढणार नाही. सोमाजी अजून खलाशी आहे. गेली चार वर्षं माझ्याच पार्टीत. तो मला साहेब म्हणत नाही, एवढी मेहेरबानी आहे.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी या वेळी आधी त्याच्या घरी गेलो. विचारलं, लिहू का?

"लिवा," तो म्हणाला. "पन छापाच्या पहिले मले वाचून दाखवा."

गेल्या रविवारी वाचून दाखवला. कौसाबाई दारात तांदूळ निवडत ऐकत होती. बांधीच्या गमतीवर तो हसला. शेंदराच्या खुंटीवर म्हणाला, "त्या गावचा नारळ मीच फोडलो होतो, तुमाले सांगतलं नाही." पत्रकाच्या भागात तोही तांदूळ निवडू लागला. शाळेच्या आवारातला प्रसंग आला, पट्टी उलटी, चुकीची फट, तीन रेघा, तसा त्यानं हात वर केला.

"थांबा. इथं एक राहून गेलं."

"काय?"

"तुमी लिवलं का मी रेघा चुकीच्या ओढल्या. कशा ओढल्या, ते नाही लिवलं."

"कशा म्हणजे?"

"चुकाचं म्हनलं तं अंदाजानं नाही चुकता येत, पर्चेवाले. हात बराबर जागीच जाते. चुकून जागा बराबर आली असती तं नहर गेला असता." त्यानं ओट्याच्या मातीवर बोटानं एक टिंब केलं. "म्हनून पहिले मी खरी जागा कोनती ते पाहून घेतली. मनातल्या मनात. मंग तिन्ही रेघा तिच्यापासून दूर नेल्या. येवढं लिवा."

लिहिलं आहे.